सर्व्हिस थांबली हे आधी आपल्याला कळावं: विंडोज आणि लिनक्स सर्व्हरवर अलर्ट बसवण्याची सविस्तर पद्धत

सर्व्हरला पिंग लागतो, रिमोट डेस्कटॉप उघडतो, डिस्कमध्ये जागा शिल्लक आहे, आणि तरीही शाखेतून फोन येतो की सॉफ्टवेअर चालत नाही. अशा वेळी मशीन बहुधा धडधाकट असतं, त्यावरची एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, तेवढी थांबलेली असते. रात्रीच्या अपडेटनंतर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस उठलेला नसतो, छपाईची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर पडलेला असतो, किंवा सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याचा पासवर्ड कोणीतरी बदललेला असतो. दुरुस्ती दोन-पाच मिनिटांची. वेळ जातो तो कळण्यात. काउंटरवरचा माणूस आधी स्वतःचा कॉम्प्युटर रिस्टार्ट करून बघतो, मग शेजारच्या टेबलावर विचारतो, मग मुख्य कार्यालयाला फोन लावतो. निरोप आपल्यापर्यंत पोचेस्तोवर खातेदारांची रांग दारापर्यंत गेलेली असते.

हा उशीर तीन-चार मिनिटांवर आणता येतो आणि त्यासाठी सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च होत नाही. ज्या कार्यालयात एकच माणूस सगळं आयटी सांभाळतो, त्या माणसासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून एक पतसंस्था घेऊ. मुख्य कार्यालयात एक डेटाबेस सर्व्हर, एक आयआयएसवर (मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर) चालणारा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, एक फाइल आणि प्रिंट सर्व्हर, एक लिनक्स मशीन, आणि व्हीपीएनने जोडलेल्या काही शाखा. हॉस्पिटल, कॉलेज किंवा कारखाना असला तरी कृती हीच राहते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: अलर्ट थोडे असावेत, पण प्रत्येक अलर्टमागे ठरलेला माणूस आणि ठरलेली पहिली कृती असावी.

आधी यादी करा

विंडोज सर्व्हरवर सर्व्हिसेसची खिडकी उघडली की शंभराहून जास्त नावं दिसतात. सगळ्यांवर अलर्ट लावले तर पहिल्याच आठवड्यात मेसेजचा पूर येतो आणि दुसऱ्या आठवड्यात ते वाचणं बंद होतं. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर उतरवण्याआधी कागद घ्या. प्रत्येक सर्व्हरखाली सर्व्हिसचं नाव लिहा आणि तिच्यासमोर तीन उत्तरं लिहा: ही थांबली तर नेमकं कोणाचं काम अडतं, किती वेळ चालवून घेता येईल, आणि उठवणार कोण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर ती सर्व्हिस यादीत नको.

आपल्या उदाहरणात डेटाबेस सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर तर येणारच. त्याच्याइतकंच लक्ष ठरलेल्या वेळी कामं (जॉब) चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एजंटकडे हवं. तो थांबला तर दिवसभर कोणाचंही काही अडत नाही, पण रात्रीचा बॅकअप त्याच्याच जॉबवर लावलेला असतो. बॅकअप होत नाहीये हे ज्या दिवशी बॅकअप लागतो त्याच दिवशी कळलं, तर मग करण्यासारखं काही उरत नाही. गुपचूप थांबणाऱ्या अशा सर्व्हिसेससाठीच खरं तर अलर्ट हवेत, कारण आरडाओरडा होणाऱ्या सर्व्हिसची बातमी आज ना उद्या फोनवर येतेच. बॅकअप सॉफ्टवेअरची सर्व्हिस, अँटिव्हायरसची सर्व्हिस आणि डोमेन कंट्रोलरवरची (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरची) विंडोज टाइम सर्व्हिस याच प्रकारातल्या. घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की मूळ सेटिंगप्रमाणे कर्बेरॉस ही ओळख तपासण्याची पद्धत लॉगिन नाकारते, आणि मग लोक पासवर्ड चुकतोय असं समजून तो बदलत बसतात.

बाकी यादी सरळ आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस, प्रिंट सर्व्हरवर स्पूलर, डोमेन कंट्रोलरवर डीएनएस, नेटलॉगॉन आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, टॅली असेल तर टॅली गेटवे सर्व्हर. यादी लिहितानाच सर्व्हिसचं खरं नाव टिपून ठेवा. खिडकीत दिसतं ते दाखवायचं नाव असतं. सर्व्हिसवर डबल क्लिक केलं की जनरल टॅबमध्ये सगळ्यात वर तिचं खरं नाव मिळतं. वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंगचं खरं नाव डब्ल्यू३एसव्हीसी आहे. एसक्यूएलचा नाव दिलेला इन्स्टन्स (स्वतंत्र चालणारी प्रत) असेल तर खऱ्या नावात एमएसएसक्यूएल, मग डॉलरचं चिन्ह आणि मग इन्स्टन्सचं नाव येतं.

पडलेली सर्व्हिस आधी स्वतःच उठू द्या

अलर्टच्या आधीची पायरी म्हणजे विंडोजची रिकव्हरी टॅब. सर्व्हिसवर डबल क्लिक करा, रिकव्हरीत जा. पहिल्या आणि दुसऱ्या वेळी पडल्यावर ‘रिस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा, त्यापुढच्या वेळांसाठी ‘टेक नो अ‍ॅक्शन’ ठेवा, रिस्टार्टपूर्वीचा वेळ १ मिनिट आणि मोजणी शून्यावर आणण्याचा काळ १ दिवस द्या. तिथे पूर्ण कॉम्प्युटर रिस्टार्ट करण्याचाही पर्याय दिसतो. डेटाबेसच्या मशीनवर त्याला हात लावू नका.

या टॅबमधली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. विंडोजच्या लेखी ‘पडणं’ म्हणजे ‘मी थांबले’ असं न सांगता प्रोसेस मधूनच नाहीशी होणं. एखादी सर्व्हिस एरर आल्यावर रीतसर निरोप देऊन थांबली तर ते विंडोजला पडणं वाटत नाही आणि रिकव्हरी चालतच नाही. त्यासाठी खाली ‘एनेबल अ‍ॅक्शन्स फॉर स्टॉप्स विथ एरर्स’ हा चौकोन आहे, त्यावर टिक करा. एवढ्या एका टिकने रात्रीचे कितीतरी फोन वाचतात.

आणि कोणी माणसानेच सर्व्हिस थांबवली असेल तर रिकव्हरी मधे पडत नाही. ते बरोबरच आहे. पण काम करायला आलेला व्हेंडर सर्व्हिस थांबवतो आणि परत चालू करायला विसरतो हेही नेहमी घडतं, म्हणून बाहेरून पाहणारं कोणीतरी लागतंच.

इव्हेंट लॉगवर किती विसंबायचं

सिस्टिम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर सर्व्हिसेसच्या घटनांची नोंद करतो. काही आकडे पाठ असलेले बरे. ७०३१ आणि ७०३४ म्हणजे सर्व्हिस अचानक पडली. पहिल्यात रिकव्हरी ठरवलेली असते, दुसऱ्यात नसते. ७००० म्हणजे सर्व्हिस सुरूच होऊ शकली नाही. ७००९ म्हणजे सुरू होण्यासाठी दिलेला वेळ संपला, तो मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांचा असतो. ७०३८ म्हणजे सर्व्हिसच्या खात्याचा पासवर्ड चालला नाही. ७०४० म्हणजे कोणीतरी सर्व्हिसचा स्टार्टअप प्रकार बदलला. चौकशीच्या वेळी हा शेवटचा फार उपयोगी पडतो.

या नोंदींवर टास्क शेड्युलरचं टास्क जोडून मेल पाठवण्याची पद्धत जुनी आहे. पण टास्क शेड्युलरमधला थेट ई-मेल पाठवण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२ पासून मोडीत काढला, त्यामुळे आता स्क्रिप्ट लिहावी लागते. त्याहून मोठी अडचण अशी की अलर्ट पाठवणारा त्याच मशीनवर बसलेला असतो. मशीनच हँग झालं तर तोही गप्प. एकच सर्व्हर असेल तर ही सोय चालेल, दोन झाले की बाहेरून देखरेख हवी.

झॅबिक्स का, आणि कुठे बसवायचा

देखरेखीची साधनं अनेक आहेत: नागिओस आहे, प्रोमेथियस आहे, फक्त वेबसाइट आणि पोर्ट पाहायचे असतील तर अपटाइम कुमा झटपट बसतो. विंडोज आणि लिनक्स मिसळलेल्या छोट्या कार्यालयासाठी मी झॅबिक्स सुचवतो. लॅटव्हियातल्या रिगा शहरात अलेक्सेई व्लादिशेव यांनी हे सॉफ्टवेअर सुरू केलं. २००१ पासून ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे, आणि विंडोजच्या सर्व्हिसेस ओळखण्याची सोय त्यात तयार मिळते. २०२४ मध्ये आलेली ७.० ही दीर्घ आधाराची आवृत्ती घ्या.

उबुंटू किंवा डेबियनचं एक मशीन पुरतं. दोन कोर आणि ४ ते ८ जीबी मेमरीत दहा-पंधरा सर्व्हर आरामात सांभाळले जातात. झॅबिक्सच्या साइटवर आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस निवडला की बसवण्याच्या कमांड क्रमाने मिळतात, त्या जशाच्या तशा चालवा. जागेची निवड मात्र विचारपूर्वक करा. ज्या व्हर्च्युअल होस्टवर तुमचे सर्व्हर आहेत त्याच होस्टवर झॅबिक्स ठेवला तर होस्ट पडताच दोघंही एकदम जातील. एखादा जुना पण भरवशाचा डेस्कटॉप, वेगळ्या यूपीएसवर, याहून चांगला. वेब पानावर पहिल्यांदा लॉगिन केल्याबरोबर अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, आणि टाइमझोन एशिया-कोलकाता आहे ना ते पाहा. तो यूटीसीवर राहिला तर अलर्टवरची वेळ साडेपाच तास मागे दिसते आणि रात्री काय कधी घडलं याचा ताळमेळ लागत नाही.

विंडोज सर्व्हरवर एजंट

प्रत्येक विंडोज सर्व्हरवर झॅबिक्स एजंट २ ची, म्हणजे त्या मशीनची माहिती झॅबिक्सला देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, एमएसआय फाइल चालवा. ती मुख्यतः तीन गोष्टी विचारते: या मशीनचं नाव, झॅबिक्स सर्व्हरचा आयपी, आणि अ‍ॅक्टिव्ह चेकसाठी झॅबिक्स सर्व्हरचा आयपी. दोन्ही आयपी एकच असतात. मशीनचं नाव जे द्याल, तेच झॅबिक्सच्या वेब पानावर होस्ट (झॅबिक्समधली त्या मशीनची नोंद) तयार करताना अक्षरशः तसंच द्या, लहान-मोठ्या अक्षरांसकट. अ‍ॅक्टिव्ह चेकचा डेटा येत नाही या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच सापडतं.

एजंटशी बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पॅसिव्हमध्ये झॅबिक्स सर्व्हर एजंटकडे पोर्ट १००५० वर जातो. अ‍ॅक्टिव्हमध्ये एजंट स्वतः सर्व्हरकडे पोर्ट १००५१ वर येतो. एकाच लॅनवर पॅसिव्ह सोपं. शाखेतलं मशीन राउटरच्या आड असेल आणि तिथपर्यंत बाहेरून पोचता येत नसेल तर अ‍ॅक्टिव्ह घ्या. विंडोज फायरवॉलमध्ये १००५० उघडताना तो सगळ्या जगासाठी उघडू नका, फक्त झॅबिक्स सर्व्हरच्या आयपीसाठी नियम करा. शाखांमधला डेटा व्हीपीएनबाहेरून जाणार असेल तर एजंट बसवतानाच पीएसके (दोन्हीकडे एकच गुप्त किल्ली) एन्क्रिप्शन चालू करा.

होस्ट तयार करून त्याला ‘विंडोज बाय झॅबिक्स एजंट’ हे टेम्प्लेट (तयार तपासण्यांचा संच) जोडा, किंवा अ‍ॅक्टिव्ह असेल तर त्याचं अ‍ॅक्टिव्ह रूप. थोड्या वेळात होस्टसमोरचा चौकोन हिरवा होतो. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचा डेटा आपोआप यायला लागतो आणि टेम्प्लेट सर्व्हिसेसही शोधून काढतं.

इथे थांबून निवड करायची आहे. टेम्प्लेटचा शोध-नियम ऑटोमॅटिक आणि डिलेड ऑटोमॅटिक असलेल्या सगळ्या सर्व्हिसेस घेतो आणि स्वतःहून थांबणं ज्यांचं रोजचंच आहे त्यांना वगळतो: रिमोट रजिस्ट्री, मॅप्स ब्रोकर, गूगल आणि एजचे अपडेटर वगैरे. तरीही उरलेल्यांत बिनकामाच्या बऱ्याच असतात. होस्टच्या मॅक्रोमध्ये (बदलता येणाऱ्या किमतींमध्ये) ‘सर्व्हिस नेम मॅचेस’ या मॅक्रोची मूळ किंमत ‘सगळं चालेल’ अशी असते. तिथे आपल्या यादीतली खरी नावं उभ्या रेघेने वेगळी करून कंसात लिहिली, सुरुवातीला टोपीचं आणि शेवटी डॉलरचं चिन्ह दिलं, की फक्त तेवढ्याच सर्व्हिसेस घेतल्या जातात. नावात स्वतःच डॉलर असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची.

शोध-नियमात एक पळवाट मात्र आहे. कोणी सर्व्हिसचा स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिकवरून मॅन्युअल किंवा डिसेबल्ड केला, तर ती सर्व्हिस नियमातून बाहेर पडते, झॅबिक्स तिला हरवलेली समजतो, आणि तिच्यावरचा पहारा काही काळाने आपोआप उठतो. म्हणजे ज्या बदलाची बातमी सगळ्यात आधी हवी, त्यानेच अलर्ट पुसला जातो. म्हणून जिवाभावाच्या सर्व्हिसेससाठी मी आयटम, म्हणजे एकेक तपासणी, हातानेच करतो. यादी लहान असेल तर त्या होस्टवरचा सर्व्हिस शोधण्याचा नियम सरळ बंद करा आणि सगळेच आयटम हाताने करा. एका सर्व्हरवर पाच-सात, त्याला वेळ कितीसा लागणार?

हाताने आयटम करताना प्रकार ‘झॅबिक्स एजंट’, किंवा टेम्प्लेट अ‍ॅक्टिव्ह घेतलं असेल तर ‘झॅबिक्स एजंट (अ‍ॅक्टिव्ह)’. उत्तराचा प्रकार पूर्णांक आणि तपासणी दर १ मिनिटाने. ‘की’ या रकान्यात ‘सर्व्हिस’ आणि ‘इन्फो’ हे शब्द मधे टिंब देऊन लिहायचे, मग चौकोनी कंसात सर्व्हिसचं खरं नाव, स्वल्पविराम, आणि ‘स्टेट’. सगळी इंग्रजी लहान अक्षरं, सर्व्हिसचं नाव तेवढं जसं आहे तसं. उत्तर आकड्यात येतं. ० म्हणजे चालू, १ पॉझ केलेली, २ सुरू होते आहे, ५ थांबते आहे, ६ थांबलेली, आणि २५५ म्हणजे या नावाची सर्व्हिसच नाही. नाव लिहिताना चूक झाली असेल तर २५५ लगेच दिसतं, त्यामुळे पॅसिव्ह आयटम असेल तर सेव्ह करण्याआधी ‘टेस्ट’ दाबून ० येतो का ते बघा.

मग ट्रिगर, म्हणजे अलर्ट कधी वाजवायचा याची अट. ती अशी ठेवा की शेवटच्या तीन उत्तरांतलं सर्वांत लहान उत्तरही ० नसावं. म्हणजे सलग तीन तपासण्यांत सर्व्हिस एकदाही चालू दिसली नाही. मिनिटाला एक तपासणी, म्हणून अलर्ट दोन-तीन मिनिटांत येतो. ‘उत्तर ६ असेल तर’ अशी अट घालू नका, कारण ‘सुरू होते आहे’ यावर अडकून बसलेली सर्व्हिस त्या अटीतून निसटते. एकाच तपासणीवर अलर्टही नको. रिकव्हरी टॅबने मिनिटाभरात उठवलेल्या सर्व्हिससाठी रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं कारण नाही.

यातून दुसरं भोक पडतं. सर्व्हिस दर तासाला पडते, विंडोज तिला उठवतो, आणि तीन तपासण्यांची अट कधीच पूर्ण होत नाही. काउंटरवर मात्र अधूनमधून ‘कनेक्शन तुटलं’ येत राहतं. यासाठी इव्हेंट लॉगचा वेगळा आयटम करा. तो फक्त अ‍ॅक्टिव्ह प्रकारात चालतो. सिस्टिम लॉग, स्रोत सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर, आकडे ७०३१ आणि ७०३४. ‘चोवीस तासांत तीन किंवा अधिक नोंदी’ यावर कमी तीव्रतेचा ट्रिगर लावा. हा रात्री वाजायला नको, सकाळी मेलमध्ये दिसला तरी पुरे.

सर्व्हिस चालू, काम बंद

सर्व्हिस ‘रनिंग’ दिसते याचा अर्थ प्रोसेस जिवंत आहे, एवढाच. आयआयएसमध्ये हे ठळकपणे दिसतं. अ‍ॅप्लिकेशन पूल (वेब सॉफ्टवेअर जिच्यात चालतं ती प्रोसेस) ५ मिनिटांत ५ वेळा कोसळला तर रॅपिड फेल प्रोटेक्शन तो पूल बंद करतं. वेब सर्व्हिस हिरवीच राहते आणि शाखेत सगळ्यांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसतं. म्हणून यादीतल्या पहिल्या दोन-तीन सर्व्हिसेसना दुसरी तपासणी जोडा. वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी झॅबिक्सचा वेब सिनॅरिओ घ्या: लॉगिनचं पान उघडायचं, उत्तर २०० (पान नीट उघडलं) यावं, आणि पानावर संस्थेच्या सॉफ्टवेअरचं नाव सापडावं. डेटाबेससाठी झॅबिक्स सर्व्हरवरून पोर्ट १४३३ जोडला जातो का ते पाहा. तपासणी ग्राहकाच्या जितकी जवळ जाते तितकी ती खरी.

लिनक्सवर

लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारा सिस्टिमडी असल्याने काम सोपं आहे. झॅबिक्स एजंट २ सिस्टिमडीच्या युनिटची (इथे सर्व्हिसची) अवस्था थेट विचारू शकतो. साध्या जुन्या एजंटमध्ये ही सोय नाही, म्हणून इथेही २ च घ्या. युनिटच्या ‘अ‍ॅक्टिव्ह स्टेट’चं उत्तर शब्दात येतं, आणि ते सलग तीनदा ‘अ‍ॅक्टिव्ह’ नसेल तर ट्रिगर.

रिस्टार्टचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. युनिट फाइलमध्ये ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ दिलं की पडलेली सर्व्हिस सिस्टिमडी उठवतो. मूळ मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची आहे. ती ओलांडली की युनिट ‘फेल्ड’ होतं, आणि ‘ऑन फेल्युअर’ या ओळीत लावलेली स्क्रिप्ट तेव्हाच चालते. आता समजा दोन रिस्टार्टमधलं अंतर तुम्ही ५ सेकंद ठेवलं. १० सेकंदांत पाच वेळा सुरू होणं शक्यच नाही, त्यामुळे मर्यादा कधीच गाठली जात नाही. सर्व्हिस रात्रभर पडत-उठत राहते आणि एकही मेल येत नाही. मोजणीचा काळ १० सेकंदांवरून ५ मिनिटांवर न्या, म्हणजे अंतर ठेवूनही मर्यादा लागू होते. शिवाय युनिट किती वेळा आपोआप रिस्टार्ट झालं याचा आकडा सिस्टिमडी ‘एन-रिस्टार्ट्स’ या नावाने ठेवतो. त्यावर आयटम करा आणि आकडा वाढला की सौम्य सूचना द्या.

सर्व्हरच बंद झाला तर

एजंटकडून डेटा येणंच थांबलं तर सर्व्हिसचा ट्रिगर वाजत नाही. त्याच्याजवळ जुनीच उत्तरं असतात आणि त्यांत सर्व्हिस चालू दिसत असते. म्हणून टेम्प्लेटमधला ‘एजंट उपलब्ध नाही’ हा ट्रिगर चालू आहे ना ते तपासा आणि त्याची तीव्रता ‘हाय’ करा. शाखेचा राउटर पडला तर त्या शाखेतल्या प्रत्येक मशीनचा असा अलर्ट येईल, तो थांबवण्यासाठी ट्रिगर डिपेंडन्सी वापरा: शाखेतल्या मशीनच्या ट्रिगरला राउटरच्या पिंग ट्रिगरवर अवलंबून ठेवा. मग दहा मेसेजऐवजी एकच येतो, आणि तोच नेमका असतो.

मेसेज कोणाला, कशावर

ई-मेलसाठी ‘मीडिया टाइप’मध्ये मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची (एसएमटीपी) माहिती भरा. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही; टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. तातडीसाठी टेलिग्राम सोयीचं आहे. टेलिग्रामच्याच बॉटफादर या खात्याकडून बॉट तयार करा, त्याचा टोकन झॅबिक्सच्या टेलिग्राम मीडियात घाला, आणि वापरकर्त्याच्या ‘सेंड टू’मध्ये चॅट आयडी द्या. ज्याला मेसेज हवा त्याने आधी बॉट उघडून ‘स्टार्ट’ दाबलं पाहिजे, नाहीतर बॉट त्याला लिहूच शकत नाही. पार्स मोड (मजकुराची सजावट ठरवणारी सेटिंग) रिकामा ठेवा. मार्कडाउन चालू असेल आणि सर्व्हिसच्या नावात अंडरस्कोर आलं तर टेलिग्राम मेसेज नाकारू शकतो.

एसएमएस गेटवेचा विचार असेल तर भारतात ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांमुळे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा साचा डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर आधी नोंदवावा लागतो. बदलत्या मजकुराचे अलर्ट त्या साच्यात बसवणं किचकट होतं. त्याऐवजी झॅबिक्स मशीनला सिमकार्ड घातलेला जीएसएम मोडेम जोडता येतो, आणि त्याची सोय झॅबिक्समध्ये आधीपासून आहे. कार्यालयाचं इंटरनेट गेलं तर मेल आणि टेलिग्राम दोन्ही अडकतात. तेव्हा हा मोडेमच कामी येतो.

मीडिया भरल्यावर ‘ट्रिगर अ‍ॅक्शन’ चालू करा. झॅबिक्सबरोबर येणारी मूळ अ‍ॅक्शन बंद असते. पहिला टप्पा लगेच, तंत्रज्ञाला. दुसरा टप्पा १५ मिनिटांनी, व्यवस्थापकांना, आणि त्याला अट: अलर्टची पोच कोणी दिलेली नसेल तरच. सर्व्हिस उठल्याचा मेसेजही रिकव्हरी ऑपरेशनमध्ये लावा, म्हणजे बाहेर असलेल्या माणसाला निवांत होता येतं. सगळं भरूनही मेसेज येत नसेल तर त्या वापरकर्त्याच्या गटाला होस्टच्या गटावर वाचण्याची परवानगी आहे का ते बघा. ज्याला होस्ट दिसत नाही त्याला झॅबिक्स त्याचा अलर्ट पाठवत नाही, आणि ही गोष्ट सहज लक्षात येत नाही.

मेसेजच्या मजकुरावर वेळ घालवा. टेम्प्लेटचा तयार मेसेज यंत्राच्या भाषेत असतो आणि रात्री अर्धवट झोपेत तो समजत नाही. झॅबिक्समध्ये मराठी मजकूर व्यवस्थित चालतो. प्रत्येक ट्रिगरच्या वर्णनात परिणाम आणि पहिली कृती लिहा, आणि ते वर्णन मॅक्रोने मेसेजमध्ये आणा. उदाहरणार्थ:

थांबली: एसक्यूएल सर्व्हर एजंट
मशीन: मुख्य कार्यालय, डेटाबेस
कधीपासून: २२:४७
परिणाम: आज रात्रीचा बॅकअप होणार नाही
आधी हे करा: सर्व्हिसेसमधून स्टार्ट द्या. उठली नाही तर सिस्टिम लॉगमध्ये ७०३८ शोधा. सापडल्यास खात्याचा पासवर्ड बदललेला आहे; लॉग ऑन टॅबमध्ये नवा भरा.

असा मेसेज असेल तर तुम्ही गावाला गेलात तरी कार्यालयातला दुसरा कोणी सर्व्हिस उठवू शकतो.

ठरलेल्या कामाच्या वेळा

मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. ज्या रात्री तुम्ही ते बसवता त्या वेळेसाठी मेंटेनन्स पीरियड करा, ‘डेटा घेत राहा’ या प्रकारात, म्हणजे नोंद राहते पण मेसेज जात नाही. मेंटेनन्स संपल्यावरही सर्व्हिस थांबलेलीच असेल तर अलर्ट तेव्हा येतो, आणि अपडेटनंतर न उठलेली सर्व्हिस सकाळच्या आत सापडते. काही बॅकअप सॉफ्टवेअर रात्री सर्व्हिस थांबवून नक्कल घेतात, त्यांच्या वेळेलाही हाच उपाय. ट्रिगरच बंद करून ठेवू नका; तो परत चालू करायची आठवण राहत नाही.

खरंच थांबवून बघा

स्पूलरपासून सुरुवात करा, कार्यालय सुटल्यावर. आधी सर्व्हिसेसच्या खिडकीतून ‘स्टॉप’ द्या. रिकव्हरी चालणार नाही, तीन मिनिटांच्या आसपास अलर्ट यायला हवा. स्टार्ट द्या, उठल्याचा मेसेज आला पाहिजे. मग टास्क मॅनेजरमधून तिची प्रोसेस मारा. आता मिनिटाभरात विंडोजने ती उठवली पाहिजे, तीन तपासण्यांचा अलर्ट येता कामा नये, आणि इव्हेंट लॉगच्या आयटममध्ये ७०३१ दिसला पाहिजे. या दोन चाचण्यांची उत्तरं वेगळी आली तरच तुमची मांडणी बरोबर आहे. त्यानंतर पोच न देता पंधरा मिनिटं थांबून दुसरा टप्पा व्यवस्थापकांपर्यंत जातो का तेही पाहा, त्यांना आधी कल्पना देऊन. एसक्यूएलची चाचणी रविवारी, बॅकअप हातात असताना.

पहारेकऱ्यावर पहारा

महावितरणची वीज गेली, यूपीएस संपला, तर सर्व्हरसोबत झॅबिक्सही जातो आणि कोणालाच काही कळत नाही. यासाठी उलटी तपासणी लागते: आपण बाहेर ‘मी जिवंत आहे’ असं कळवत राहायचं, आणि ते थांबलं की बाहेरच्याने ओरडायचं. हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवा हे थोड्या तपासण्यांसाठी मोफत करतात. तिथे एक तपासणी तयार करा, मिळालेला पत्ता झॅबिक्स मशीनच्या क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) दर ५ मिनिटांनी उघडला जाईल असं लावा, आणि सवलतीचा वेळ १० मिनिटं ठेवा. क्रॉनच्या ओळीत आधी झॅबिक्स सर्व्हरची सर्व्हिस चालू आहे का ते तपासा आणि चालू असेल तरच पत्ता उघडा, नाहीतर झॅबिक्स मेलेला असताना नुसतं लिनक्स ‘सगळं ठीक’ कळवत राहील.

तिथे सूचनेसाठी दिलेला ई-मेल कार्यालयाच्या स्वतःच्या मेल सर्व्हरवरचा असू नये, तो तर त्याच अंधारात असतो. कोणाच्या तरी खाजगी मोबाइलवर उघडणारा पत्ता द्या. मग झॅबिक्स मशीनची नेटवर्क केबल काढा, पंधरा मिनिटं थांबा, आणि मेल आल्यावरच ती परत लावा.